व्हिजिटर व्हिसावर गेलं की तिथंच वर्क परमिट निघतं का? (भाग लिहून काढलेला)

हा भाग लिहून टाकतोय, कारण यात तारखा आणि आकडे बरेच आहेत आणि ऐकताना ते निसटतात. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'बघा' शंभरदा येतं ते थोडं कमी केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय आला एका व्हॉइस मेसेजवरून. आपल्या चिखलीचाच श्रोता, डिप्लोमा झालेला. त्याला एका एजंटनं सांगितलंय, "आधी कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढू. तिथं पोहोचलास की महिन्याभरात नोकरी, आणि नोकरी लागली की तिथंच वर्क परमिट. फाईल आम्ही लावतो." पॅकेज १४ लाखांचं. त्यातले ४ आधी, बाकी व्हिसा हातात आल्यावर. वडील दोन एकर गहाण टाकायला तयार आहेत. पोराचा प्रश्न एवढाच: दादा, असं खरंच होतं का?

१४ लाख म्हणजे किती, ते आपल्या भाषेत आधी मोजू. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. त्या भावानं धरलं (मिळाला तर, हे राजेहो तुम्हाला वेगळं सांगायला नको) तर साधारण २६३ क्विंटल सोयाबीन झालं. एकरी सात क्विंटल पकडा, म्हणजे ३७ एकरांचं एका हंगामाचं सगळं पीक, खर्च न वजा करता. प्रश्न एवढ्या वजनाचा आहे म्हणून उत्तर नीट देतो.

थोडक्यात उत्तर: होत होतं. आता होत नाही.

एजंट जे सांगतोय ते पूर्ण हवेतलं नाही, आणि म्हणूनच ते पटतं. २४ ऑगस्ट २०२० ला कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यानं, म्हणजे आयआरसीसीनं, एक तात्पुरतं धोरण काढलं. कोविड होता, विमानं बंद होती, हजारो पाहुणे तिकडेच अडकले होते आणि मालकांना माणसं मिळत नव्हती. नेहमीचा नियम असा की वर्क परमिटचा अर्ज देशाबाहेरून करायचा. तो शिथिल केला. म्हणाले, तुम्ही कॅनडात कायदेशीर व्हिजिटर म्हणून आहात आणि तुमच्या हातात पक्की नोकरीची ऑफर आहे, तर देश न सोडता अर्ज करा. ही सवलत वाढत वाढत गेली. २०२३ मध्ये ती २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत लांबवली. पण तिथपर्यंत ती पोहोचलीच नाही. २८ ऑगस्ट २०२४ ला मुदतीच्या सहा महिने आधीच बंद केली. कारण देताना खात्यानं स्पष्ट म्हटलं की काही लोक या धोरणाचा वापर करून परदेशी माणसांना परवान्याशिवाय कामाला लावतायत. म्हणजे ज्या प्रकारच्या एजंटगिरीबद्दल आपण बोलतोय, तिच्यामुळेच दार बंद झालं.

आणि गंमत बघा, दार उघडं होतं तेव्हाही ते एजंट सांगतात तेवढं मोठं नव्हतं. ऑफर साध्या लेटरहेडवरची चालत नव्हती. बहुतेकांना एलएमआयए लागायचं. हे काय प्रकरण आहे ते जरा थांबून समजून घेऊ, कारण १४ लाखांतला मोठा हिस्सा याच चार अक्षरांच्या नावावर मागितला जातो.

एलएमआयए म्हणजे मालकानं तिथल्या सरकारकडून घेतलेला कागद: 'या जागेसाठी मला कॅनडातला माणूस मिळाला नाही, म्हणून बाहेरचा घेऊ द्या.' त्यासाठी मालकाला आधी जाहिरात द्यावी लागते, पगार तिथल्या दराप्रमाणे दाखवावा लागतो आणि दर जागेमागे १,००० कॅनेडियन डॉलर फी भरावी लागते. ही फी मालकानं भरायची. ती कामगाराकडून वसूल करणं नियमाविरुद्ध आहे. त्यामुळे कुणी 'एलएमआयएचे आठ लाख' म्हणालं तर तो कागद विकत मिळतोय असं समजू नका. एकतर कागद खोटा आहे किंवा व्यवहार बेकायदेशीर आहे. दोन्हीत अडकणार कामगारच. त्यात २६ सप्टेंबर २०२४ पासून, ज्या शहरात बेरोजगारी ६ टक्के किंवा जास्त आहे तिथल्या कमी पगाराच्या जागांचे एलएमआयए अर्ज घेणंच बंद केलंय. शेती, बांधकाम, आरोग्य अशी काही क्षेत्रं सोडून. टोरोंटो त्या यादीत आहे, आणि ब्रॅम्प्टन टोरोंटोच्याच पट्ट्यात मोडतं. आपल्याकडच्या पॅम्फ्लेटवर नेमकं तेच नाव असतं.

आता मूळ गोंधळ. व्हिसा आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आयटीतला माणूस, माझ्या डोक्यात ते असं बसतं: हिंजवडीतल्या कंपनीत तुम्ही मित्राला भेटायला गेलात, तर गेटवर व्हिजिटर पास मिळतो. त्या पासवर आत जाता येतं, कॅन्टीनमध्ये चहा पिता येतो, वाटलं तर एचआरला भेटून मुलाखतही देता येते. पण त्या पासवर कुणाच्या लॅपटॉपला लॉगिन होत नाही, आणि महिनाअखेरीला पगारही होत नाही. एम्प्लॉयी कार्ड वेगळं, ते देणारं खातं वेगळं, त्याची तपासणी वेगळी. व्हिजिटर पास जुना झाला म्हणून त्याचं एम्प्लॉयी कार्ड होत नसतं.

याच गोंधळाचा दुसरा भाग म्हणजे 'दहा वर्षांचा व्हिसा'. पासपोर्टवर दहा वर्षांची तारीख दिसते आणि घरच्यांना वाटतं पोरगं दहा वर्षं राहू शकतं. ती तारीख दार वाजवायची मुदत आहे. एकदा आत गेल्यावर अधिकाऱ्यानं वेगळी तारीख लिहिली नसेल तर मुक्काम सहा महिन्यांचा. मुक्काम वाढवायचा अर्ज करता येतो, पण वाढवून मिळतो तो मुक्काम. काम करायचा हक्क त्यात येत नाही.

मग कॅनडात बसून वर्क परमिटचा अर्ज करता येणारे कोणीच नाहीत का? आहेत. ज्यांच्याकडे आधीपासून वर्क परमिट किंवा स्टडी परमिट आहे ते. त्यांचे कुटुंबीय. किमान सहा महिन्यांचं तात्पुरतं निवासपत्र असलेले. आणखी दोन-चार प्रकार आहेत, पण 'व्हिजिटर म्हणून आलो आणि नोकरी सापडली' एवढ्यावर त्या यादीत नाव बसत नाही. कुटुंबीयांच्या बाबतीतही २१ जानेवारी २०२५ पासून घट्ट केलंय. नवरा किंवा बायको शिकत असेल तर साधारणपणे १६ महिने किंवा जास्त मुदतीचं मास्टर्स, पीएचडी किंवा काही ठरावीक व्यावसायिक कोर्स पाहिजे, तरच जोडीदाराला ओपन वर्क परमिट. 'बायकोला कुठल्यातरी कॉलेजात डिप्लोमाला टाकू, तू मागून जा' हे गणित तिथं संपलं.

कोणी म्हणेल, ऑफर मिळाली तर अमेरिकेच्या सीमेवर जाऊन उलटं वळायचं आणि तिथंच परमिट घ्यायचं, आमच्या ओळखीच्यानं केलंय. केलं असेल. त्याला फ्लॅगपोलिंग म्हणायचे. २३ डिसेंबर २०२४ पासून वर्क आणि स्टडी परमिटसाठी ते जवळपास सगळ्यांना बंद आहे.

मग उरतं काय? रोख पगारावर लपून काम. गोदामात, हॉटेलच्या भटारखान्यात, बांधकामावर. पगार किमान वेतनापेक्षा कमी, आणि मालकानं दोन महिन्यांचे पैसे बुडवले तर तक्रार कुठं करणार? पकडलं गेलं तर देशाबाहेर काढतात. पकडलं नाही तरी पुढच्या अर्जात तो काळ आडवा येतो, कारण विनापरवाना काम थांबवल्यावर सहा महिने जाईपर्यंत सहसा परमिट देत नाहीत. आणि अर्जात खोटं लिहिलं, म्हणजे खोटं बँक स्टेटमेंट, खोटं आमंत्रणपत्र, खोटी नोकरी, तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. फाईल एजंटनं लावली हे कारण तिथं चालत नाही. सही तुमची असते.

शेवटचा उपाय म्हणून काही जण 'आश्रय माग' असंही सुचवतात. छळ झालेल्या माणसासाठी असलेली ती सोय आहे. तिथं पासपोर्ट जमा करून घेतात आणि अर्ज करतानाच सशर्त हद्दपारीचा आदेश निघतो. चिखलीतून नोकरीसाठी गेलेल्या पोरानं खोटी गोष्ट रचून त्या रांगेत उभं राहावं असं सांगणाऱ्याशी मी तरी बोलणं थांबवीन.

बाकी देशांचं पटापट. अमेरिकेत बी-१/बी-२ व्हिसावर नोकरी शोधता येते, मुलाखत देता येते. काम सुरू करता येत नाही, त्याआधी स्टेटस बदलून मंजूर झालेलं पाहिजे. ब्रिटनमध्ये व्हिजिटरवरून स्किल्ड वर्करवर देशात बसून बदलताच येत नाही, परत यावं लागतं. जर्मनी वेगळं आहे: १ जून २०२४ पासून त्यांनी 'चान्सेनकार्टे' सुरू केलंय, नोकरी शोधायलाच वर्षभरापर्यंतचा व्हिसा, आठवड्याला २० तास पार्टटाइम काम चालतं. पण त्याला मान्य पदवी किंवा प्रशिक्षण, भाषा, गुण आणि वर्षभर जगण्याइतके पैसे दाखवावे लागतात. पोराला खरंच बाहेर पडायचं असेल तर ते १४ लाख एजंटला देण्यापेक्षा त्यातले थोडे जर्मन भाषेच्या क्लासला घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. माझं मत आहे, पटलं तर घ्या.

आयटीवाल्यांसाठी एक कंस: (भारतातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर, भेटीला गेल्यावर, करायचं असेल तर कॅनडा व्हिजिटरला ते करू देतं. ब्रिटननं ३१ जानेवारी २०२४ पासून आणि न्यूझीलंडनं २७ जानेवारी २०२५ पासून मोकळीक दिली आहे. ब्रिटनमध्ये अट अशी की येण्याचं मुख्य कारण ते काम नसावं. तिथल्या मालकाचं काम मात्र नाही.)

आखाताचं प्रकरण आपल्या भागात जास्त जवळचं. दुबईत व्हिजिट व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर कायदेशीर बदलता येतं, हे खरं. पण बदल होईपर्यंत काम करणं गुन्हा आहे, आणि ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीनंतर अशा मालकाला १ लाख ते १० लाख दिर्हम दंड आहे. यात आपल्याकडचा एक पेच आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. त्यांना यूएई, सौदी, कतार अशा १८ देशांत कामाला जाताना प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. ती टाळायला एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतात. मंजुरी टळली की तिच्यासोबतचा विमाही जातो, १० लाखांचं संरक्षण दोन वर्षांना २७५ रुपयांत देणारा. २७५ रुपये.

आणि थायलंड. भारतीयांना तिथं पर्यटक म्हणून व्हिसाशिवाय जाता येतं, म्हणून 'बँकॉकला डेटा एंट्री' च्या जाहिराती फिरतात. तिथून गाडीत घालून सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाड्डी भागात, सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तिथून परत आणलं. जाताना त्यातल्या बऱ्याच जणांना नोकरीचंच आश्वासन होतं.

आता त्या श्रोत्याला काय सांगितलं. मी म्हटलं, एजंटशी भांडू नकोस, तीन गोष्टी माग. पहिली, परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला नोंदणी लागते आणि ई-मायग्रेट पोर्टलवर तो क्रमांक कुणालाही तपासता येतो. नोंदणीकृत एजंटला घेता येणारी फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, तीही पावतीसह. दुसरी, तो म्हणतो 'आम्ही भरती एजंट नाही, इमिग्रेशन सल्लागार आहोत', तर कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा परवाना क्रमांक. पैसे घेऊन कॅनडाची फाईल हाताळायला तो परवाना किंवा तिथली वकिली (क्यूबेकची नोटरी धरून) लागते, आणि अर्जात प्रतिनिधी म्हणून त्याचं नाव उघड असावं लागतं. तिसरी, 'व्हिजिटर व्हिसावर गेल्यावर वर्क परमिट मिळेल' हे एका ओळीत लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी.

व्हिजिटर व्हिसाची सरकारी फी १०० डॉलर, बोटांच्या ठशांचे ८५. रुपयांत अकरा-बारा हजारांच्या आसपास. अर्ज ऑनलाइन स्वतः करता येतो. बाकीचे पावणेचौदा लाख कशाचे, हेही विचार म्हटलं.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्यावी, सोबत बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज न पुसता. ई-मायग्रेटवरही तक्रार करता येते, आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८००-११-३०९० आहे. माणूस तिकडे अडकला असेल तर 'मदद' पोर्टलवर नोंद करा, ती थेट त्या देशातल्या आपल्या दूतावासाकडे जाते. रोखीनं दिले असतील तर कोणासमोर, कुठं, कोणत्या तारखेला दिले ते आजच कागदावर लिहून ठेवा.