रोजच्या सायकलीचें वाङ्मय

जी वस्तु रोज हाताखालीं असते तिच्यावर ग्रंथ लिहिण्याची बुद्धि मनुष्यास सहसा होत नाहीं. छत्री, वहाण, पाटा-वरवंटा यांचीं चरित्रें कोणी लिहिलेलीं आमच्या पाहण्यांत नाहींत. सायकलीचीही गत बहुतेक अशीच आहे, हें आम्हांस उतारवयांत एका प्रसंगानें कळून आलें.

गेल्या आषाढांत आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंची कन्या आमच्याकडे आली. तिची कचेरी घरापासून सात किलोमीटरांवर आहे. ती म्हणाली, "काका, मला कचेरीला सायकलनं जायचं आहे, पण आई ऐकत नाहीं. तुम्ही शाळेंत कायम सायकलनंच जात होतांत. आईपुढं ठेवतां येईल असं यावर कांहीं वाचायला आहे का?"

'कायम' हा शब्द आम्हांस बोचला. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एका संध्याकाळीं मागून आलेल्या मोटारसायकलीनें आम्हांस उडविलें, मांडीचें हाड मोडलें, आणि तेव्हांपासून आमची सायकल माळ्यावर गेली. त्या दीड महिन्यांत इस्पितळांत रोज डबा घेऊन येणाऱ्या आमच्या वहिनीच होत्या. त्यांचा नकार म्हणजे अडाणी हट्ट नव्हे, हें आम्ही जाणून होतों. तथापि मुलीस "पाहतों" असें सांगून आम्हीं ग्रंथालयाची वाट धरली.

तेथें प्रथम भेटले ते पराक्रमी लोक. मुंबईहून १९२३ सालीं सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले व त्यांपैकीं तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. त्यांचा प्रवासग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. वाचून छाती फुगते. परंतु वाळवंट ओलांडणाऱ्यास जें ज्ञान लागतें तें डबा घेऊन दहाच्या ठोक्यास कचेरी गांठणारास काय कामाचें? दुसरें कपाट शर्यतींचें. शर्यतीच्या सायकलीला मडगार्ड नाहीं, कॅरिअर नाहीं, घंटी नाहीं. तिच्या शास्त्रांत भाजीच्या पिशवीला जागा कोठून असणार?

नेट धरल्यावर मात्र रोजच्या सायकलीचें खरें वाङ्मय सांपडूं लागलें. रिचर्ड बॅलंटाइन यांचें 'रिचर्ड्स बायसिकल बुक' १९७२ सालचें. जॉन फॉरेस्टर यांचें 'इफेक्टिव्ह सायक्लिंग' १९७६ सालचें. सायकलस्वारानें स्वतःस वाहनचालक समजून, वाहनांचेच नियम पाळून रस्त्यावर आपली जागा घ्यावी, वेगळ्या मार्गाची अपेक्षा धरूं नये, असें त्यांचें मत. याच्या नेमका उलट पक्ष हॉलंडचा. तेथें १९७१ सालीं रस्त्यांवरील अपघातांत सुमारें ३,३०० माणसें मेलीं व त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलटंचाईची त्यांत भर पडली, आणि सायकलींस स्वतंत्र मार्ग देण्याचें धोरण तेथें हळूहळू रुजलें. ॲम्स्टरडॅमची ही कथा पीट जॉर्डन यांच्या 'इन द सिटी ऑफ बाइक्स' या २०१३ सालच्या पुस्तकांत वाचावयास मिळते. शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष व उत्तरपक्ष यांप्रमाणें हीं पुस्तकें एकापुढें एक ठेवून वाचावींत. इव्हान इलिच यांची 'एनर्जी अँड इक्विटी' ही १९७४ सालची चोपडी त्यांच्या जोडीस घ्यावी. मोटारींत बसण्याचा व तिच्या खर्चासाठीं राबण्याचा असा सारा वेळ धरल्यास अमेरिकन मनुष्य वर्षास १,६०० तास वेंचून ७,५०० मैल जातो, म्हणजे ताशीं पांच मैलही नाहीं, असा तिच्यांतील हिशेब वाचून आम्हीं पेन्सिलीनें तो पुन्हां मांडून पाहिला.

आपल्या देशाविषयींही अगदींच दुष्काळ नाहीं. डेव्हिड अर्नोल्ड यांनीं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) या ग्रंथांत शिवणयंत्र, टंकयंत्र व भातगिरणी यांच्या पंक्तीस सायकल बसविली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांतील सायकलच्या दुकानानें झाला, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेलच. २०११ च्या जनगणनेनें लोक कामावर कसे जातात हें विचारलें. शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामें करणाऱ्यांत शेंकडा सुमारें १३ जण सायकलीनें जात होते. पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं सायकल-आराखडा मंजूर केला. आणि पी. साईनाथ यांच्या १९९६ सालच्या ग्रंथांत तामिळनाडूंतील पुदुकोट्टै जिल्ह्याची हकीकत आहे. तेथें साक्षरतेच्या चळवळीबरोबर खेड्यापाड्यांतील हजारों स्त्रिया सायकल शिकल्या. पाणी, शेतमाल व मुलें त्या स्वतः वाहून नेऊं लागल्या. आमच्या मतें रोजच्या सायकलीवर याहून मोलाचें लिखाण थोडेंच असेल.

हें सारें घेऊन आम्ही वहिनींकडे गेलों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, "भावोजी, पुस्तकं चांगलीं आहेत. पण तुम्ही पडलांत तें कुठल्या पुस्तकांत आहे?"

या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

घरीं येऊन आम्हीं माळ्यावरील ट्रंक उघडली. तींत वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. १९५८ पासूनच्या त्या वह्यांत दर दोन-तीन पानांआड सायकलीचा खर्च मांडलेला : पंक्चर, व्हॉल्व्हची नळी, ब्रेकचे रबर, नगरपालिकेचा बिल्ला, दिव्यास तेल. दिव्याच्या तेलाची नोंद एकाही पावसाळ्यांत चुकलेली नाहीं. आम्ही पानें उलटीत होतों आणि एक गोष्ट, जी आम्हीं आजवर कोणास सांगितली नव्हती, ती मनांत वर येत होती. त्या संध्याकाळीं आमच्या सायकलीचा मागचा दिवा बंद होता. दोन दिवस बंद होता. मोटारसायकलवाला भरधाव होता हें खरें. परंतु अंधारांत आम्ही त्यास दिसलों नसूं, हेंही तितकेंच खरें.

मग आम्हींच लिहावयास बसलों. चाळीस पानी वहींत, कचेरीस जाणाऱ्या मुलीस उपयोगी पडेल तेवढेंच. टांच पॅडलवर ठेवली असतां पाय सरळ व्हावा इतकी सीट उंच असावी. हवा दर आठवड्यास पाहावी. पावसांत ब्रेक उशिरां लागतो, म्हणून अंतर दुप्पट ठेवावें. उभ्या मोटारींपासून हातभर दूर जावें; दार केव्हां उघडेल याचा नेम नसतो. डावीकडे वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगास कदापि शिरूं नये. नवा रस्ता प्रथम रविवारीं सकाळीं चालवून पाहावा. जवळचा रस्ता धोक्याचा वाटल्यास लांबचा धरावा; दहा मिनिटांनीं कोणाची नोकरी जात नाहीं. आणि शेवटच्या पानावर त्या संध्याकाळची हकीकत, दिव्यासकट, जशी घडली तशी लिहिली.

वहिनींनीं ती वही दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशीं मुलीबरोबर परत पाठविली. शेवटच्या पानाखालीं त्यांच्या अक्षरांत एकच ओळ होती : "मागें दोन दिवे लावावेत, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा असतो."

आमच्या साऱ्या वाचनांत इतका व्यवहारी उपदेश आम्हांस आढळला नव्हता. मुलगी आतां कचेरीस सायकलीनें जाते. वहिनी रोज साडेसहा वाजतां गॅलरींत उभ्या असतात, तें त्यांनीं सोडलेलें नाहीं, व सोडावें असें आम्हीही म्हणत नाहीं.

वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. ज्यांनीं तीस-चाळीस वर्षें सायकलीवरून शाळा, कचेरी, मंडई केली, त्यांनीं आपला अनुभव मातृभाषेंत लिहून ठेवावा. आणि त्यांत आपल्या चुकाही लिहाव्यात, कारण मागून येणाऱ्यास वाट बहुधा त्यांच्याच उजेडांत दिसते.