कॉलरचं लेबल आणि फाजील लाड

गणपतीत सांगलीच्या मिरवणुकीतला ढोल-ताशा जवळ आला की एखादं पोर कान दाबून आईच्या पदरात तोंड खुपसतं. नव्या गणवेशाच्या कॉलरला लेबल असलं की तेच पोर घर डोक्यावर घेतं, आणि शाळेच्या खिचडीतला मऊ वाटाणा जिभेला लागला की ओकारी काढतं. आजूबाजूच्यांचा निकाल तयारच असतो : ‘फाजील लाड! दोन रट्टे द्या, सरळ होईल.’

रट्ट्यानं पोर गप्प बसतं, लेबल टोचायचं थांबत नाही. आवाज, स्पर्श, चव, वास यांच्या जोडीला आतल्या कानातून तोलाची आणि स्नायू-सांध्यांतून शरीराच्या हालचालीची खबर मेंदूकडे सतत जात असते. काही मुलांत या खबरांचा मेळ नीट बसत नाही. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी यावर १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं. कुणाला थोडंसंही फार होतं, तर कुणाला कितीही मिळालं तरी कमीच पडतं. हे दुसऱ्या तऱ्हेचं मूल टोक मोडेस्तोवर पेन्सिल दाबतं, बाही चावतं, रांगेत पुढच्याला ढकलतं. वर्गात जास्त बोलणी खातं तेही हेच.

‘म्हणजे ऑटिझमच असणार’ ही भीती लगेच मनात येते. ऑटिझम असलेल्या मुलांत हा त्रास पुष्कळदा दिसतो, पण त्रास दिसला म्हणून ऑटिझम आहेच असं होत नाही. उलट, अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये बजावलं होतं, की नुसतं संवेदनांच्या अडचणीचं निदान करून थांबू नका. मागे ऑटिझम, अतिचंचलता किंवा चिंता आहे का ते पाहा. त्याही आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत.

‘महागडं साहित्य घेतल्याशिवाय भागत नाही’ हा गैरसमज आता जोरात आहे. वजनदार जॅकेटांच्या उपयोगाचा पुरावा मुळात तोकडा आहे. ज्या मुलाला जोर लावायला आवडतो, त्याला कणीक मळू द्या, पाण्याची कळशी उचलू द्या, गोधडीत घट्ट गुंडाळून लोळू द्या. बाही चावणाऱ्याला उसाचं कांडं द्या. आपल्या भागात त्याचा काय तोटा! झोपाळा मात्र सगळ्यांना मानवत नाही. पाय जमिनीवरून सुटताच जे मूल घाबरतं, त्याला बळंच बसवू नये.

‘गोंगाटात ढकला, आपोआप सवय होते.’ होत नाही, धसका वाढतो. मिरवणूक आधी लांबून दाखवावी, किती जवळ जायचं ते त्याला ठरवू द्यावं. कान झाकणारे हेडफोन तेवढ्यापुरतेच असावेत. दिवसभर घातले तर साधे आवाजही सोसेनासे होतात.

शाळेत तर साध्या गोष्टींनी बरंच निभतं. पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की असं मूल सैरभैर होतं. त्याला व्हरांड्याच्या शांत कोपऱ्यात थोडा वेळ बसू द्यावं. घंटा व्हायच्या आधी खूण करावी. चुळबुळ्या मुलाला वह्यांचा गठ्ठा कार्यालयात पोचवायला पाठवावं. आणि शिक्षा म्हणून खेळाचा तास कधीच काढून घेऊ नये. धावण्याची गरज सगळ्यात जास्त त्यालाच असते.

तपासणीसाठी थेट पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या-शाळांत जाऊन मुलं तपासतात आणि गरजेप्रमाणे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांशी मुख्याध्यापकांमार्फत बोलता येतं. दिव्यांगत्वाचा दाखला हा मात्र वेगळा विषय. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत, नुसती संवेदनांची अडचण नाही. म्हणून सवलतीसाठी अर्ज करण्याआधी पूर्ण निदान करून घ्यावं. वर सांगितलेल्या वर्गातल्या सोयींना मात्र दाखला लागत नाही. त्या वर्गशिक्षकांशी बोलून उद्यापासून सुरू करता येतात.