पंखांची घडी घालणारं विमान

मुलांनो, विमानाच्या पोटाखाली वाकून कधी पाहिलंय का? आम्ही पाहिलं! मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी गोव्याला गेलो होतो. तिथे दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर भारतीय नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झालं. बाहेर मोकळ्या मैदानात विमानं आणि हेलिकॉप्टरं उभी आहेत.

आमच्याबरोबर होता नऊ वर्षांचा थोरला आणि सहा वर्षांची धाकटी. आत शिरताच धाकटीने विचारलं, "बाबा, यात बसून कुठे जायचं?" ही विमानं आता उडत नाहीत म्हटल्यावर तिचा चेहराच पडला. मग मी एक खेळ काढला. प्रत्येक विमानाभोवती फिरायचं आणि जे विचित्र दिसेल त्याला विचारायचं, 'असं का?'

सुरुवात केली सर्वांत मोठ्या सुपर कॉन्स्टेलेशनपासून. "अय्या, याला तीन शेपट्या!" धाकटी ओरडली. असं का? तर एकच उंच शेपूट ठेवली असती, तर विमान त्या काळच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या गोठ्यात मावलं नसतं. म्हणून तीन बुटक्या शेपट्या! हे विमान आधी एअर इंडियाचे प्रवासी नेत असे, मग ते हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे आलं.

सी हॅरियरच्या दोन्ही कुशींना मिळून चार तोट्या थोरल्याने मोजल्या. इंजिनाचा झोत त्यांतून बाहेर पडतो. तोट्या खाली वळवल्या की विमान हवेत एका जागी थांबू शकतं आणि सरळ खाली उतरतं. २०१६ साली ही विमानं नौदलातून निवृत्त झाली.

आणि सी हॉक? त्याच्या पंखाला मध्येच सांधा आहे. का बरं? कारण हे विमान जहाजावर राहायचं! १९६१ साली नौदलात आलेल्या पहिल्या 'विक्रांत' युद्धनौकेची लांबी होती सुमारे २१३ मीटर. तेवढ्यात सगळी विमानं ठेवायची, म्हणून पंख दुमडून वर घ्यायचे. छत्री मिटतो ना आपण, तसंच. उडायला धावपट्टी पुरायची नाही, म्हणून वाफेच्या जोरावर चालणारी मोठी गलोल विमानाला पुढे फेकायची. आणि उतरताना? शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात तो अडकला की विमान थांबलं! आकडा चुकला तर वैमानिकाने पुन्हा वर झेप घ्यायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सभोवार नुसता समुद्र!

"याने खरी लढाई केली का हो?" थोरल्याने विचारलं.

"केली तर. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या तळांवर हल्ले केले. १६ डिसेंबरला युद्ध संपलं आणि बांगलादेश स्वतंत्र झाला."

थोरला खूश झाला. धाकटी मात्र विमानाखाली बसून वर बघत होती. तिने हळूच विचारलं, "बाबा, खाली माणसं होती?"

"होती गं."

"मग?"

मी शाळेत शिकवतो. एकाहत्तरचं युद्ध का झालं, त्याआधी तिथल्या लोकांचे किती हाल झाले, लाखो माणसं घरदार सोडून भारतात कशी आली, ते मी तिला जमेल तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "पण मग?" तिच्या आईने तिला जवळ घेतलं. माझ्यापाशी पुढचं उत्तर नव्हतं.

शेपट्या तीन का, पंख दुमडतात का, हे विमानाने लगेच सांगितलं. धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या यंत्रात सापडायचं? ते आपण माणसांनीच शोधायला हवं. तुम्हीही गोव्याला गेलात तर या मैदानात एक चक्कर मारा. मात्र सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. आणि 'असं का?' विचारत विचारत जा. धाकटीच्या 'मग?'चं उत्तर तुम्हाला सुचलं, तर मला जरूर कळवा हं!