जुने औषध, नवा उपयोग. पण चाचणी कोण करणार?

नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीहून मुंबईचे टाटा रुग्णालय शेकडो किलोमीटर दूर. तिथल्या आदिवासी शेतमजुराच्या लेखी औषध किती नवे यापेक्षा किती स्वस्त, हाच खरा प्रश्न आहे.

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाला पुरुषी हार्मोन पोसते. म्हणून शस्त्रक्रियेने वा इंजेक्शनाने ते रोखतात. पण पुढे अनेकांचा रोग या उपचाराला जुमानत नाही. मग डोसेटॅक्सेलची केमोथेरपी देतात. काही काळाने तीही निष्प्रभ ठरते. जपानच्या केयो विद्यापीठातील संशोधकांना २०१३ साली प्रयोगशाळेत आढळले, की हिपॅटायटिस-सीच्या विषाणूवरील रिबाव्हिरिन हे जुने औषध अशा पेशींवर डोसेटॅक्सेलचा परिणाम पुन्हा घडवू शकते. मात्र माणसांवरील मोठ्या चाचण्यांत सिद्ध होईपर्यंत हा उपचार नव्हे. कोणीही ते परस्पर घेऊ नये.

या चाचण्या करणार कोण? आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(ड) जुन्या औषधाच्या केवळ नव्या उपयोगाला पेटंट देत नाही. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कर्करोगावरील ग्लिव्हेकप्रकरणी नोव्हार्टिसची मागणी फेटाळली. हे कलम गरिबांचे कवच आहे, ते टिकलेच पाहिजे. परंतु जिथे मक्तेदारी नाही तिथे भरमसाट नफा नाही, आणि असा नफा नसेल तिथे कंपन्या फिरकत नाहीत.

तेव्हा ही जबाबदारी शासनाचीच. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या कलम ४७ नुसार राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. जुन्या औषधांच्या चाचण्यांना सरकारी निधी द्या, आणि विसरवाडीच्या रुग्णाला त्यात सहभागी होता यावे म्हणून प्रवासखर्चही द्या. ही भीक नव्हे, हक्क आहे!