ताप कशाचा, हे कळणार कधी?

पावसाळा सुरू झाला की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर कुणीतरी तापाने फणफणलेलं असतंच. मग आपण काय करतो? आधी पॅरासिटामॉल, नंतर मेडिकलवाल्याने दिलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप, आणि तरीही उतरला नाही तर ‘विडाल करून घे’.

ही विडाल टेस्ट १८९६ सालची! ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही, तर त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीज शोधते. त्या पुरेशा तयार व्हायला साधारण आठवडा जातो. शिवाय पूर्वी टायफॉइड झाला असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

तुम्ही म्हणाल, ताप तो ताप, नावाचं एवढं काय? तर ऐका. टायफॉइड, लेप्टो आणि स्क्रब टायफस सुरुवातीला सारखेच दिसतात: ताप, डोकेदुखी, अंगदुखी. पण औषधं वेगळी. २०१८च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसने माणसं दगावली. गवत-झुडपांतल्या बारीकशा माइटच्या अळीच्या चाव्यातून तो होतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध चालतं. पण टायफॉइड समजून सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शनं देत राहिलं, तर त्यावर काहीच परिणाम होत नाही आणि मोलाचे दिवस वाया जातात.

मग थेट जंतूचा डीएनएच शोधला तर? पीसीआर तेच करते. कोविडमुळे हे नाव आपल्याला पाठ आहे. अडचण मशीनची. पीसीआरमध्ये नमुना पुन्हा पुन्हा तापवावा आणि थंड करावा लागतो.

यावर जपानी संशोधकांनी २००० साली भन्नाट उपाय मांडला: ‘लॅम्प’. यात तापमान एकच, ६० ते ६५ अंश. म्हणजे गरम पाण्याचं साधं उपकरणही पुरतं. तासाभरात डीएनएच्या असंख्य प्रती तयार होतात आणि नळीतला बदल नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. टीबीसाठी अशा टेस्टला जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्ये मान्यता दिली. आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होणारं ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारं छोटं पीसीआर मशीनही टीबीसाठी गावपातळीवर पोहोचलंय. वर सांगितलेल्या तिन्ही तापांसाठीही लॅम्पवर संशोधन झालंय, पण रोजच्या वापरात ते टीबीइतकं रुळलेलं नाही.

एक मेख आहेच. टायफॉइडमध्ये एक मिलिलिटर रक्तात कधी कधी एखादाच जंतू असतो. तो नमुन्यात आलाच नाही, तर टेस्ट कितीही हुशार असली तरी काय करणार? म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे ‘काही नाही’ असं नव्हे.

तोवर तुमच्या हातात काय आहे? ताप कितवा दिवस आहे, हे डॉक्टरांना नीट सांगा. साचलेल्या पाण्यातून चाललात का, गवतातून ट्रेक केलात का, अंगावर कुठे काळी खपली दिसतेय का, हेही सांगा. काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नक्की बघा. स्क्रब टायफसची खपली तिथेच लपते. आणि मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. रक्त तपासायच्या आधी दोन गोळ्या पोटात गेल्या, तर कल्चरमध्ये जंतू सापडणं आणखी अवघड होतं.