'शिरूरमध्ये रुग्ण वाढले' हा आकडा नेमका येतो कुठून?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतो, 'शिरूरमध्ये डेंग्यूचे रुग्ण वाढले.' पण कोणतं शिरूर? पुणे जिल्ह्यातलं घोडनदीकाठचं, बीडमधलं शिरूर कासार की लातूरमधलं शिरूर अनंतपाळ? पुण्याचंच असेल, तर शहर की अख्खा तालुका?

तालुक्याचा आकडा गावातून वर जातो. साधारण हजार लोकांमागे एक आशा स्वयंसेविका असते. गावात तापाचे रुग्ण वाढले की आधी तिच्या कानावर येतं. पुढची नोंद 2004 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षणात होते, तीही तीन ठिकाणी. उपकेंद्रात आरोग्यसेविका फक्त लक्षणं नोंदवते, डॉक्टर 'संशयित' रुग्ण नोंदवतात आणि प्रयोगशाळा 'निश्चित' रुग्ण.

त्यामुळे एकाच गावाचे तीन आकडे असू शकतात आणि तिन्ही खरे असतात. डेंग्यूची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी एलायझा चाचणी होईपर्यंत सरकारी नोंदीत तो रुग्ण संशयितच राहतो. 'आकडे लपवतात' ही ओरड बऱ्याचदा इथूनच सुरू होते. अर्थात, खासगी दवाखान्यानं कळवलंच नाही, तर रुग्ण खरोखरच मोजला जात नाही.

पूर्वी ही माहिती आठवड्यातून एकदा जायची. एप्रिल 2021 पासून नवं राष्ट्रीय पोर्टल आलं. त्यावर गावनिहाय नोंद रोज करता येते आणि आजारही 18 वरून 33 झाले.

तरी खरी गोची पत्त्याची आहे. 2020 मध्ये मुंबईत बंदोबस्त करून परतलेल्या दौंडच्या राज्य राखीव दलाच्या जवानांना कोरोना झाल्याचं आढळलं. संसर्गाचा धागा मुंबईचा, पण संपर्कातली माणसं शोधायची होती दौंडमध्ये. तिथं जवान कुठे राहतात हे तरी माहीत होतं. रांजणगाव एमआयडीसीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराचं काय? त्यानं आधारवरचा गावाकडचा पत्ता दिला, तर रुग्ण मोजला जातो तिकडे. तिथली आशा रिकाम्या घरी जाते आणि इकडे खोलीजवळच्या पाण्याच्या टाकीत डासांच्या अळ्या तशाच राहतात.

म्हणून चाचणीच्या वेळी सध्या राहता तोच पत्ता सांगा, खोलीमालकाच्या नावासकट.