विश्लेषण : नकाशा सेवेने सांगितलेला रस्ता ‘स्क्रिप्ट’ने कसा वाचतात? पुराच्या दिवसांत त्यावर किती विसंबावे?

सातारा ते सांगली अंतर मोबाइलवर पाहायला काही सेकंद पुरतात. पण दुधाच्या टँकरसाठी शंभर गावांची किंवा द्राक्षे उचलणाऱ्या गाड्यांसाठी दीडशे बागांची अंतरे हवी असतील, तर एकेक गाव टाइप करत बसणे परवडत नाही. हे काम स्क्रिप्टवर, म्हणजे छोट्या संगणक प्रोग्रामवर सोपवता येते. तो लिहिणे फार अवघड नाही; मात्र एक-दोन गोष्टी राहून गेल्या तर पाण्याखाली गेलेला रस्ताही तो ‘योग्य मार्ग’ म्हणून दाखवू शकतो.

स्क्रिप्ट नेमके काय करते?

गुगलसारख्या कंपन्या नकाशाची माहिती प्रोग्रामना देण्यासाठी ‘एपीआय’ नावाची वेगळी खिडकी ठेवतात. स्क्रिप्ट तिथे निघण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण आणि वाहनाचा प्रकार पाठवते. सोबत ‘की’, म्हणजे खातेदाराची ओळख द्यावी लागते. उत्तर ‘जेसन’ नावाच्या मांडणीत येते. त्यात संपूर्ण मार्ग म्हणजे ‘रूट’, दोन थांब्यांमधला टप्पा म्हणजे ‘लेग’ आणि प्रत्येक वळणापर्यंतचा तुकडा म्हणजे ‘स्टेप’. सातारा-कराड-सांगली असा मधला थांबा दिला, तर दोन लेग मिळतात. गुगलची जुनी ‘डिरेक्शन्स एपीआय’ १ मार्च २०२५ पासून ‘लेगसी’ वर्गात गेली असून नव्या कामासाठी ‘रूट्स एपीआय’ वापरण्याची शिफारस केली जाते.

उत्तरातून काय उचलायचे, काय सोडायचे?

अंतर मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत घ्यावी. उदाहरणार्थ, १२०००० म्हणजे १२० किलोमीटर. नव्या एपीआयमध्ये वेळ ‘९९००एस’ अशी येते. शेवटचे अक्षर काढून आकडा ६०ने भागला की १६५ मिनिटे, म्हणजे पावणेतीन तास मिळतात. ‘डावीकडे वळा’सारख्या वाक्यांतून माहिती काढायला जाऊ नये. भाषा बदलली की वाक्य बदलते, आणि जुन्या एपीआयच्या वाक्यांत एचटीएमएलच्या खुणाही मिसळलेल्या असतात. वळणाचा प्रकार ‘मॅन्युव्हर’ या वेगळ्या रकान्यात मिळतो. रस्त्याच्या क्रमांकावरूनही ओळख पक्की होत नाही. पुणे-बंगळूरु महामार्गाचा क्रमांक ४ बदलून ४८ झाला, तरी अनेकांच्या तोंडी अजून ‘एनएच फोर’च आहे.

गावांची नावे का चकवतात?

साताऱ्याहून सांगलीला जाताना महामार्ग सोडायचा तो पेठ नाक्यावर. हे पेठ वाळवा तालुक्यातले. पण नाशिक जिल्ह्यातही पेठ नावाचा तालुका आहे. कोरेगाव साताऱ्यात आहे, तसे पुण्याजवळही आहे. सांगलीचे आष्टा आणि मध्य प्रदेशातले आष्टा यांचीही गल्लत होऊ शकते. इस्लामपूर नावाची शहरे बिहार आणि पश्चिम बंगालमध्येही आहेत. त्यातच सांगलीच्या इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. त्यामुळे काही काळ जुन्या यादीत एक नाव आणि नव्या यादीत दुसरे, असे होणारच. यावर उपाय म्हणजे नावाऐवजी अक्षांश-रेखांश किंवा ठिकाणाचा ओळख क्रमांक, म्हणजे ‘प्लेस आयडी’, द्यावा. नावच द्यायचे असेल तर तालुका, जिल्हा आणि राज्यही लिहावे. उत्तरात ‘पार्शल मॅच’ अशी खूण आली, तर ते ठिकाण हाताने तपासून घ्यावे.

बंद रस्ता का दिसत नाही?

खरी मेख इथे आहे. रूट्स एपीआयला वेगळे काही सांगितले नाही, तर ती त्या क्षणाची वाहतूक विचारात घेत नाही. रस्त्यांचे जाळे आणि सरासरी वेग यांवरून ती मार्ग काढते. त्यामुळे तात्पुरता बंद असलेला रस्ताही उत्तरात येऊ शकतो. ‘ट्रॅफिक अवेअर’ हा पर्याय मागितला तरच सध्याची स्थिती धरली जाते, आणि त्याचा दर जास्त असतो. पैसे वाचवण्यासाठी हा पर्याय टाळणारी स्क्रिप्ट वर्षभर ठीक चालेल आणि नेमकी ऑगस्टमध्ये फसेल.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि अनेक रस्ते बंद झाले. ‘ट्रॅफिक अवेअर’ मागूनही धोका पूर्ण टळत नाही, कारण बंद रस्त्याची खबर नकाशापर्यंत पोहोचावी लागते. जानेवारी २०२१ मध्ये अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात नकाशाच्या आधारे रात्री निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर जाऊन बुडाली. चालकाचा मृत्यू झाला.

खर्च आणि नियम काय?

प्रत्येक विचारणा मोजली जाते. ठरावीक मर्यादेपर्यंत ती मोफत असते, पुढे पैसे पडतात. गुगलने १ ऑगस्ट २०२४ पासून भारतासाठी दर ७० टक्क्यांपर्यंत कमी केले. एपीआय टाळून नकाशाच्या पानावरून थेट माहिती खरवडणे कंपनीच्या अटींत बसत नाही. मिळालेली माहिती कायमची साठवण्यावरही निर्बंध आहेत. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ची मुक्त माहिती आणि ‘ओएसआरएम’ हे सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर चालवता येते. तिथे दर विचारणेला पैसे पडत नाहीत, मात्र वाहतुकीची ताजी माहिती आपोआप मिळत नाही.

वापरताना काय काळजी घ्यावी?

मार्ग सापडला नाही तर स्क्रिप्टने शून्य किलोमीटर लिहू नये, रकाना रिकामा ठेवून सूचना द्यावी. नाही तर बिलात ती फेरी फुकट दिसेल. हवाई अंतराशी तुलना करावी. रस्त्याचे अंतर त्याहून कमी किंवा कित्येक पट जास्त आले तर ठिकाण चुकले असण्याची शक्यता असते. यादीत ‘रस्ता सुरू आहे का’ असा एक रकाना माणसाने भरण्यासाठी ठेवावा. कृष्णेची पातळी ४० फुटांकडे सरकू लागली की गाडी सोडण्यापूर्वी आपत्ती व्यवस्थापन कक्षाला किंवा त्या गावातल्या कोणाला तरी फोन करून तो रकाना भरावा आणि तो रिकामा असेल तर स्क्रिप्टने त्या फेरीचा मार्ग चालकाला पाठवूच नये.